राजूरचा मजूर आणि मनाचा आजार

भाताची झोडणी उरकली की राजूरच्या बाजारातली गर्दी बदलते. एरवी मीठ-मिरची घ्यायला, दवाखान्यात दाखवायला येणारा माणूस आता बोचके काखेत घेऊन पिकअपची वाट पाहत उभा असतो. कळसूबाई-रतनगडाच्या पायथ्याच्या वाड्यांतून, हरिश्चंद्रगडाच्या बाजूच्या पाड्यांतून महादेव कोळी आणि ठाकर समाजाची कुटुंबे खाली उतरतात. कुणी नारायणगाव-आळेफाट्याच्या मजूर अड्ड्यावर जातो, कुणी नाशिककडच्या द्राक्षबागांत, कुणी वीटभट्टीवर, कुणी थेट मुंबई-पुण्याच्या बांधकामावर. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे पाणी खालच्या उसाला गेले आणि धरणाच्या कुशीतला माणूस उन्हाळ्यात पाण्याला आणि कामाला महाग झाला. यावर पुष्कळ लिहून झाले आहे. आम्हाला आज वेगळ्याच गोष्टीवर लिहायचे आहे. पोटासाठी बाहेर गेलेल्या या माणसाच्या मनाचे काय होते?

राजूरजवळच्या एका ठाकरवाडीतील तरुणाला आम्ही भेटलो. नाव-गाव सांगत नाही, सांगण्याचे कारणही नाही. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेला. दोन हंगाम द्राक्षबागेत काढल्यावर तो एका औद्योगिक वसाहतीत कामाला लागला. एका खोलीत सातजण, सगळे परमुलखातले किंवा दुसऱ्या तालुक्यातले. त्याच्या बोलण्याला ते हसत. त्याला नावाने कुणी हाक मारत नसे, 'ए जंगली' म्हणत. वर्षभराने त्याला रात्री आवाज ऐकू येऊ लागले. खोलीवरचे सगळे झोपलेले आहेत आणि तरी कुणीतरी 'जंगली, जंगली' म्हणते आहे. मग वाटू लागले की जेवणात काही घातले आहे. एक दिवस तो पगारही न घेता पायी निघाला. घरी आला तेव्हा ओळखू येत नव्हता. पाच महिने भगताकडे गेले, दोन बकरी गेली. त्यानंतर कुणा शिक्षकाने डॉक्टरकडे नेण्याचा आग्रह धरला. आज तो गोळ्यांवर आहे, बैल राखतो, थोडे थोडे बोलतो.

त्याची आई आम्हाला म्हणाली, "गेला तव्हा चांगला व्हता. तिकडं कुनीतरी खाल्लं त्याला."

भगत याला करणी म्हणाला. डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणाले. वाडीतले लोक म्हणतात, पोरगे गांजा ओढत असेल. यात चूक कोण आणि बरोबर कोण, हे ठरवायला आम्ही वैद्य नाही. पण 'तिकडं कुनीतरी खाल्लं' या अडाणी समजल्या जाणाऱ्या बाईच्या वाक्याभोवती जगातले मोठमोठे मनोविकारतज्ज्ञ गेली नव्वद वर्षे घोटाळत आहेत, हे आमच्या वाचकांना ठाऊक असावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी आजाराविषयी. मराठीत याला छिन्नमनस्कता असे जड नाव आहे. त्या नावामुळे एका माणसात दोन माणसे असतात असा गैरसमज झाला आणि सिनेमावाल्यांनी तो पोसला. तसे काही नसते. नसलेले आवाज ऐकू येणे, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी पक्की खात्री होणे, विचारांचा धागा तुटणे, हळूहळू माणसांतून उठून जाणे, अशी या आजाराची लक्षणे. बहुतेक वेळा तो ऐन तारुण्यात गाठतो. तो मेंदूचा आजार आहे आणि त्यावर औषध आहे. त्यात आनुवंशिकतेचा वाटाही आहे: आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात सुमारे दहा, एरवी ती शंभरात एक किंवा त्याहूनही कमी. हे आम्ही आधीच सांगून टाकतो, कारण सगळा दोष समाजाच्या माथी मारून औषध बंद करणारेही आपल्यात निघतात.

पण आनुवंशिकतेने सगळे उत्तर मिळते का? मिळत नाही. १९३२ साली ओडेगार्ड नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टराने अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात जाऊन वसलेल्या आपल्याच देशबांधवांचे रुग्णालयातील कागद तपासले. मायदेशी राहिलेल्यांपेक्षा तिकडे गेलेल्यांत या आजाराचे प्रमाण जवळजवळ दुप्पट निघाले. रक्त एक, वर्ण एक, धर्म एक. मग दुप्पट का? ओडेगार्डने उत्तर दिले की ज्यांचे मन मुळातच अस्थिर तेच घर सोडतात. म्हणजे खोट जाणाऱ्यात! हे उत्तर प्रस्थापितांना फार सोयीचे होते आणि पुष्कळ वर्षे चालले. पुढे हॉलंडमध्ये सेल्टेन नावाच्या संशोधकाने ते तपासले. सुरिनाम या देशातून, जिथे आपल्याकडच्या गिरमिटिया मजुरांचे वंशजही राहतात, सुमारे एक तृतीयांश लोक हॉलंडला गेले होते. सेल्टेनने २००२ साली हिशेब मांडला: समजा सगळाच्या सगळा सुरिनाम उठून हॉलंडला आला असता आणि आजारी पडणारे सगळे याच लोकसंख्येतले धरले, तरी प्रमाण डच लोकांपेक्षा जास्तच राहते. अस्थिर तेवढेच निघून आले, हा दावा तिथे टिकला नाही.

इंग्लंडची गोष्ट आणखी बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद या बेटांवरून काळे कामगार तिकडे गेले. बस चालवायला, रुग्णालयांत राबायला ते हवे होते. भाड्याने खोली मागितली की मात्र दार बंद. १९९७ ते १९९९ या काळात लंडन, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टल या तीन शहरांत मोठी पाहणी झाली आणि २००६ साली तिचे आकडे प्रसिद्ध झाले. गोऱ्या ब्रिटिशांच्या तुलनेत कॅरिबियन वंशाच्या लोकांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे नऊपट, आफ्रिकेतून आलेल्या काळ्यांत जवळजवळ सहापट. गोरा डॉक्टर काळ्या माणसाला उगाच वेडा ठरवतो काय, अशी शंका कुणालाही येईल. म्हणून त्या पाहणीत रुग्णाचा वंश झाकून ठेवून तज्ज्ञांकडून निदान करून घेतले होते. तरीही आकडा तोच. मग काळ्यांचे रक्तच असे असते का? तेही नाही. जमैका, त्रिनिदाद आणि बार्बाडोस येथे १९९० च्या दशकात स्वतंत्र अभ्यास झाले, तेव्हा तिथल्या लोकांत प्रमाण इंग्लंडमधल्या गोऱ्यांच्या आसपासच आढळले. तोच माणूस आपल्या बेटावर असला तर धड, लंडनमध्ये गेला की मोडतो.

यापुढचा भाग आमच्या वाचकांनी लक्ष देऊन वाचावा. २००५ साली कँटर-ग्राए आणि सेल्टेन यांनी निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र केले. स्वतः स्थलांतर केलेल्या पहिल्या पिढीत धोका मूळ रहिवाशांच्या २.७ पट होता. त्यांच्या मुलांत तो ४.५ पट निघाला! मुले तर तिथेच जन्मली, तिथल्याच शाळेत शिकली, तिथली भाषा त्यांच्या तोंडात. त्यांनी कुठलीच बोट पकडली नव्हती की कुठले गाव सोडले नव्हते. गाव सोडले बापाने आणि मन मोडले पोराचे. ज्यांची कातडी काळी, त्यांच्यात प्रमाण आणखी जास्त. मग या संशोधकांनी आपला सिद्धांत मांडला आणि त्याला नाव दिले 'सामाजिक पराभव'. आपण बाहेरचे आहोत, खालचे आहोत, कितीही केले तरी आपल्याला आत घेणार नाहीत, हा अनुभव वर्षानुवर्षे येत राहिला तर मेंदूतल्या रसायनांवरही त्याचा परिणाम होतो, असे त्यांचे म्हणणे. सिद्धांत अजून सिद्धांतच आहे. पण आम्हाला तो वाचताना परका वाटला नाही. मुंबईत तिसरी पिढी जन्मलेल्या आपल्या मुलाला कॉलेजात पहिल्या दिवशी पूर्ण नाव विचारतात ते कशासाठी, हे आम्हाला हॉलंडच्या प्राध्यापकाने सांगायची गरज नाही.

बाबासाहेबांचेच पाहा. १९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले, तिथून लंडनला गेले. सातासमुद्रापलीकडे त्यांना कुणी जात विचारली नाही. १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्यास आले, आपल्याच देशात, आपल्याच संस्थानिकाच्या चाकरीत, आणि राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले. ते कळताच लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. कचेरीतही कागद दुरून फेकले जात. परक्या मुलखात माणूस आणि मायदेशात परका! या प्रसंगाविषयी बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे आणि अनेक वर्षांनंतरही तो आठवला की डोळ्यांत पाणी येते असे नमूद केले आहे. एवढ्या पोलादी मनाच्या माणसाची ही स्थिती, तर वाडीवरून उतरलेल्या वीस वर्षांच्या पोराची काय कथा?

मुंबईच्या गिरण्यांतही हेच होते. कोकणातून, घाटावरून आलेला महार कामगार गिरणीत घेत, पण विणखात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे त्याला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, तो विटाळेल! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ठणकावून मांडला. कामगार एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांना तो ऐकायला बरा वाटला नव्हता. शहरात गेला की जात सुटते, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. बाबासाहेबांनीच खेड्याला अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे डबके मानले होते, घटना समितीत तसे स्पष्ट सांगितले होते, आणि आजही आमचे मत तेच आहे. माणसाने गाव सोडावे, शहरात जावे, शिकावे. या अभ्यासांचा आधार घेऊन 'म्हणून आदिवासीने डोंगरातच सुखी राहावे' असा उपदेश कुणी करू लागला, तर त्याला राजूरच्या बाजारात आणून डोंगरात किती सुख आहे ते दाखवू.

गाव सोडल्यावर माणूस कुणाबरोबर राहतो, यावर फार काही अवलंबून असते. २००१ साली दक्षिण लंडनमधल्या वस्त्या-वस्त्यांचे आकडे प्रसिद्ध झाले. जिथे काळ्या आणि इतर अल्पसंख्य लोकांची वस्ती दाट, तिथे त्यांच्यातला धोका गोऱ्यांच्या सुमारे २.४ पट. जिथे ते गोऱ्यांच्या वस्तीत तुरळक विखुरलेले, तिथे ४.४ पट. हॉलंडमधील हेग शहरातही असेच आढळले, आणि ज्या समाजाला भेदभाव जास्त सोसावा लागतो त्या समाजात आजार जास्त, हेही तिथे दिसले. आमच्या आजोबांना हे आकडे माहीत नव्हते. पण बीआयटी चाळ असो की बीडीडी चाळ, एकेका खोलीत गावाकडची दहा माणसे, गॅलरीत भजनी मंडळ, खाली समता सैनिक दलाची कवायत, भीमजयंतीची वर्गणी, कुणी आजारी पडले तर रात्रीतून केईएमला नेणारे चार जण, हे सगळे त्यांनी उभे केले होते. त्या गर्दीत क्षयरोग झाला, भांडणे झाली, दारूही आली. एकटेपणा मात्र कमी होता. आज आमचा शिकलेला मुलगा पुण्या-बंगळुरूच्या सोसायटीत एकटा राहतो, आडनाव लपवतो, घरात बाबासाहेबांची तसबीर लावताना दरवाजा लोटून घेतो. त्याच्याही मनाची चौकशी कुणीतरी करायला हवी. वाडीतल्या त्या ठाकर पोराला तर सातजणांच्या खोलीत स्वतःच्या बोलीत बोलायला एकही माणूस नव्हता.

आवाजांविषयीही एक अभ्यास आहे. लुरमन नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्निया, घानातील आक्रा आणि आपले चेन्नई या तीन ठिकाणी प्रत्येकी वीस रुग्णांशी बोलून त्यांचे आवाज काय म्हणतात ते विचारले. अमेरिकन रुग्णांना बहुधा अनोळखी, हिंसक आवाज ऐकू येत. आक्रात पुष्कळांना देव बोलताना ऐकू येई. चेन्नईत बऱ्याच जणांना नातलगांचे आवाज येत, आणि ते आवाज आंघोळ कर, स्वयंपाक कर, असे दटावत. म्हणजे आजार एक असला तरी त्याची भाषा ज्याच्या त्याच्या जगण्यातून येते. आमच्या तरुणाला ऐकू आलेला शब्द कुठून आला, हे वाचकांनी वर वाचलेच आहे.

येथे आपल्या देशातील संस्कृतिरक्षकांचा एक आवडता दावा तपासून घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत पाहणी सुरू केली, त्यात आग्रा होते. पुढच्या पाहणीत चंदीगड होते. निष्कर्ष असा आला की गरीब देशांतले रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा चांगले सावरतात. झाले! 'आमची एकत्र कुटुंबपद्धती, आमची महान संस्कृती' असा गजर सुरू झाला. २००८ साली कोहेन, विक्रम पटेल, आर. थारा आणि गुरेजे या चौघांनी तेवीस अभ्यास तपासून दाखवले की चित्र इतके गोड नाही; कुठे सुधारणा चांगली, कुठे वाईट, आणि लग्न मोडणे, उपचार न मिळणे हे सर्वत्र आहे. आणि कुटुंब सांभाळते म्हणजे कोण सांभाळते? आई, बायको, बहीण. तीच जर आजारी पडली तर? माहेरी पाठवणी. याच महान संस्कृतीत ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. पळता आले नाही, कारण पायात बेडी होती. हिंदू असो, मुस्लीम असो, साखळी दोघांची एकच.

वैद्यकशास्त्रही धुतल्या तांदळासारखे नाही, हे सांगितले पाहिजे. १८५१ साली अमेरिकेत कार्टराइट नावाच्या डॉक्टराने मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामाला एक मनोविकार जडलेला असतो असा शोध लावला आणि त्याला 'ड्रॅपेटोमॅनिया' असे नाव दिले. पुढे १९६० च्या दशकात, काळ्यांचा नागरी हक्कांचा लढा पेटला असताना, मिशिगनमधील आयोनिया येथील सरकारी मनोरुग्णालयात काळ्या पुरुषांवर स्किझोफ्रेनियाचा शिक्का मोठ्या प्रमाणात बसू लागला. जोनाथन मेट्झल या डॉक्टराने जुनी कागदपत्रे चाळून २०१० साली त्यावर पुस्तक लिहिले. रागावलेला गुलाम मालकाला नेहमीच वेडा वाटतो. म्हणून भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, कुणाच्या सामाजिक, आर्थिक किंवा राजकीय स्थितीवरून अथवा विशिष्ट समाजाचा म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असे कलमच आहे. त्या कलमाची किंमत आपल्याला कळली पाहिजे.

हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात आणखीही बरेच आहे. रुग्णाला साखळीने बांधायला बंदी. जात, धर्म, वर्ग यांवरून भेदभाव न करता उपचाराचा हक्क. आणि राजूरसारख्या ठिकाणी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अत्यावश्यक यादीतील मानसिक आजाराची औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी दवाखान्यांत विनामूल्य आणि सदासर्वकाळ मिळाली पाहिजेत. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालय म्हणतात ते याच पायरीवर. म्हणजे गोळीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटा मारणे, एक दिवसाची मजुरी बुडवणे आणि एसटीचे भाडे भरणे हे कायद्याला मान्य नाही. आम्ही भेटलेल्या तरुणाच्या घरच्यांना एका सरकारी दवाखान्यातून दोनदा 'पुढच्या आठवड्यात या' असे सांगितले गेले. त्या दोन आठवड्यांत गोळी बंद राहिली आणि आवाज परत आले.

आता आकड्यांचा हिशेब. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. बारा राज्ये घेतली. त्या बारांत महाराष्ट्र नाही! त्या पाहणीनुसार स्किझोफ्रेनियासारखे गंभीर आजार असलेल्या दर चारांपैकी सुमारे तिघांना उपचार मिळत नव्हते. हे सरासरी माणसाचे झाले. ऊसतोडीला, वीटभट्टीला, बागेत जाणाऱ्या आदिवासी आणि दलित मजुराची त्यात वेगळी मोजदाद कुठे? आशिष गुप्ता आणि डायन कॉफी यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दलित आणि मुस्लिमांची मानसिक प्रकृती उच्चजातीय हिंदूंपेक्षा खालावलेली आढळली, पण तो अभ्यास चिंता आणि नैराश्याचा. इंग्लंडमध्ये नऊपट हा आकडा निघाला, कारण तिथे वंश विचारून मोजला. आपल्याकडे गणनेत जात विचारायचे म्हटले की कुणाच्या तरी पोटात दुखते. मोजायचेच नाही म्हटल्यावर जबाबदारी कशी अंगाला लागणार?

मध्यमवर्गाने या आजाराविषयी बोलायला सुरुवात केली, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. कॅनडातील कॅलगरी येथे प्राध्यापक असलेले मराठी माणूस डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घरातच या आजाराशी झुंज दिली. लाज धरून गप्प न बसता त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. 'देवराई' हा २००४ चा चित्रपट त्यांच्याच पाठबळाने निघाला आणि हजारो घरांत प्रथमच या आजाराचे नाव उच्चारले गेले. हे काम मोठे आहे. पण त्या चित्रपटातला रुग्ण देवराईची मालकी असलेल्या घरातला आहे. देवराईच्या पलीकडे राहणाऱ्या, मोलमजुरीला बाहेर पडणाऱ्या माणसाला हा आजार झाला की त्याची गोष्ट भगताच्या घुमण्यात आणि दोन बकऱ्यांत संपते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. दाभोलकरांनी प्राण वेचले. पण भगताला पकडून नेल्यावर त्या जागी डॉक्टर आणून बसवायचे काम कुणाचे?

राजूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. आश्रमशाळा त्याच्या अखत्यारीत आहेत. बारावी होऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला कुठल्या शहरात कोण भेटेल, खोली कुठे मिळेल, त्रास झाला तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत फुकट बोलता येते, एवढे जरी शेवटच्या वर्गात सांगितले तरी पैसा लागत नाही. हंगामाला निघणाऱ्या रुग्णाला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात आणि सोबत एक चिठ्ठी द्यावी, म्हणजे नारायणगावच्या दवाखान्यातही तीच गोळी मिळेल. आपल्या कार्यकर्त्यांनी मजूर अड्ड्यांवर जाऊन अकोले तालुक्यातली पोरे कुठे राहतात याची वही करावी. बुद्धविहारात रविवारी त्यांनाही बोलवावे, ते ठाकर आहेत की कोळी हे न विचारता.

आम्ही निघालो तेव्हा त्या तरुणाने आमच्याकडे एकच चौकशी केली. भाऊ यंदा बागेत जाणार आहे, त्याच्याबरोबर गेलो तर चालेल का? डॉक्टरांनी अजून हो म्हटलेले नाही. आई म्हणते, दोघे भाऊ एकाच ठिकाणी राहणार असतील तर धाडीन. मुकादमाने सांगितले आहे की एका खोलीचे नक्की नाही, गाडी सोमवारी आहे.